दोन वेळा ब्रश करूनही दात किडतायत? आधी कीड कुठे लागली ते बघा

माझी तक्रार अशी होती. सकाळी आणि रात्री न चुकता ब्रश, गोडाची फारशी आवड नाही, तरी चार वर्षांत पाच फिलिंग्ज. दरवेळी त्या खुर्चीत आडवं व्हायचं, ड्रिलचा आवाज ऐकायचा, अर्धं तोंड बधिर घेऊन घरी यायचं आणि निघताना तोच सल्ला: "ब्रश नीट करत जा." मी ब्रश बदलला, पेस्ट बदलली, दोनाचे तीन वेळा घासून पाहिलं. वर्ष सरलं की नवी दाढ हजर.

पाचव्या फिलिंगनंतर दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे स्क्रीनवर मोठा केला आणि पेनाच्या टोकाने एक जागा दाखवली. खालच्या दोन उपदाढा जिथे एकमेकींना टेकतात, तिथल्या पांढऱ्या कडेत एक लहानसा काळपट त्रिकोण होता, टोक आतल्या बाजूला. "ही सहावी," त्या म्हणाल्या. "अजून भोक पडलेलं नाही. आणि आधीची पाचही फिलिंग्ज बघा, सगळी दोन दातांच्या मधली. चावायच्या बाजूने एकही नाही. ब्रश किती वेळा करता ते राहू द्या. दिवसातून किती वेळा तोंडात काही जातं, ते सांगा."

"तीन-चार वेळा," मी म्हणालो.

"बरं. मग तीन दिवस लिहून आणा. चहाचा घोट घेतलात तरी लिहा."

त्या कागदाने माझं कोडं सुटलं. ज्यांची रड माझ्यासारखीच आहे त्यांच्यासाठी दोष कसा शोधायचा ते लिहितोय. मी डॉक्टर नाही, पण त्या खुर्चीत पुरेसा वेळ काढलाय आणि प्रश्न विचारायची लाज सोडली आहे.

"कीड लागली" म्हणजे नेमकं काय झालं

आपला शब्दच फसवा आहे. कीड म्हटलं की डोळ्यांसमोर धान्यातली अळी येते, बाहेरून आली आणि पोखरत गेली. ही कल्पना फार जुनी आहे; बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवरसुद्धा दातातल्या किड्याची कथा सापडते. १७२८ मध्ये फ्रान्सचे दंतवैद्य पिएर फोशार यांनी हा किडा नाकारला आणि बोट साखरेकडे दाखवलं. पुढे १८९० मध्ये अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी खरी भानगड काय ते मांडलं: तोंडात राहणारे जिवाणू साखर आणि पिठूळ पदार्थ खातात, त्यातून आम्ल तयार करतात, आणि ते आम्ल दातातली खनिजं विरघळवतं. त्या जिवाणूंमधला सर्वांत बदनाम म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. तो १९२४ मध्ये ओळखला गेला.

म्हणजे दात कोणी पोखरत नाही, तो विरघळतो. हा फरक शब्दापुरता नाही. अळी असती तर ती घासून काढली की प्रश्न मिटला असता. विरघळणं मात्र वेळेवर अवलंबून असतं: आम्लात दात किती वेळ बुडून राहिला?

दातावरच्या चिकट थरातला पीएच (आम्लपणा मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधून, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थरातून, कॅल्शियम आणि फॉस्फेट निसटायला लागतं. १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन या संशोधकांनी हे मोजून दाखवलं. साखरेच्या पाण्याने चूळ भरली की काही मिनिटांतच पीएच धाडकन खाली येतो आणि पूर्वपदावर यायला अर्धा ते एक तास लागतो. वर आणणारी असते लाळ. ती आम्ल निष्प्रभ करते आणि निसटलेली खनिजं परत दातात बसवते. पण हे काम चालू असताना तुम्ही आणखी एक घोट घेतला, की घड्याळ पुन्हा शून्यावर.

इनॅमलमध्ये वजनाने ९६ टक्के खनिजं असतात आणि जिवंत पेशी एकही नसते. त्यामुळे एकदा भोक पडलं की ते आपलं आपण भरून येत नाही. भोक पडायच्या आधीची अवस्था मात्र परतवता येते. माझा तो काळपट त्रिकोण त्याच अवस्थेत होता, म्हणून डॉक्टरांनी ड्रिलला हात लावला नाही.

तीन दिवसांचा कागद

कागदावर तीनच गोष्टी लिहायच्या: काय, कधी सुरू केलं, कधी संपवलं. नुसतं पाणी सोडून सगळं. "कधी संपवलं" हा रकाना टाळू नका, खरी चोरी तिथेच पकडली जाते.

माझ्या पहिल्या दिवसाचा कागद: ७:१० चहा, संपला ७:२०. ८:३० नाश्ता. ९:४० कामाच्या टेबलावर चहाचा मोठा मग, संपला ११:०५. ११:३० दोन बिस्किटं. १:१५ जेवण. २:१० घशाची गोळी. ३:०० घशाची गोळी. ३:४० चहा, संपला ४:५०. ५:३० मूठभर मनुका, "आरोग्यासाठी". ६:१५ घशाची गोळी. ८:३० जेवण. १०:४५ ब्रश. ११:०० खोकल्याचं औषध, दोन चमचे.

तीन-चार वेळा म्हणणारा मी, नोंदी बारा, ब्रश वेगळा. त्यातही ते दोन मग बघा. एक दीड तास, दुसरा सव्वा तास. माझं काम फोनवर बोलण्याचं, त्यामुळे मग शेजारी ठेवून दर पाच मिनिटांनी एक घोट. चहात साखर दोनच चमचे, पण त्या दोन चमच्यांनी दाताला अख्खी सकाळ आम्लात ठेवलं. तेवढीच साखर दहा मिनिटांत पोटात गेली असती तर नुकसान कितीतरी कमी झालं असतं.

घशाच्या गोळ्या त्याहून वाईट. त्या बहुतेक साखरेच्या असतात आणि तोंडात हळूहळू विरघळण्यासाठीच केलेल्या असतात. गालात ठेवायची सवय असेल तर शेजारच्या दाढेला पाकात बुडवून ठेवल्यासारखंच. खोकल्याच्या औषधाचं पाप वेगळं: ब्रश झाल्यावर साखरेचा पाक, आणि लगेच झोप. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, म्हणजे रात्रभर धुवायला कोणी नाही.

मनुकांचं मला वाईट वाटलं. पण जिवाणूंना साखर फळातून आली की डब्यातून, याच्याशी देणंघेणं नसतं. सुकी फळं खाचांत आणि फटींत चिकटून बसतात, मधाचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मध आणि फळांचा रससुद्धा साखरेच्या हिशेबात धरलाय. दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ही साखर ठेवा, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत, असं त्या सांगतात. ताजं, अख्खं फळ यात धरलेलं नाही.

किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं, याचा सगळ्यांत ठळक पुरावा एका लाजिरवाण्या प्रयोगातून आलाय. १९४० च्या दशकात स्वीडनमधल्या विपेहोल्म संस्थेत, बौद्धिक अपंगत्व असलेल्या रहिवाशांना त्यांच्या संमतीशिवाय चिकट टॉफी खायला देऊन किती दात किडतात ते मोजलं गेलं. १९५४ मध्ये निष्कर्ष आले: जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने फारसा फरक पडला नाही, दोन जेवणांच्या मध्ये चिकट गोड खाणाऱ्यांचे दात मात्र झपाट्याने किडले. हा प्रयोग आज कोणी करू शकणार नाही, करूही नये. पण निष्कर्ष टिकून आहे.

मी चहा सोडला नाही. सोडायला सांगितलं असतं तर मी डॉक्टर बदलले असते. सकाळचा चहा नाश्त्याबरोबर, दुपारचा एकदाच आणि दहा मिनिटांत संपवायचा, चहाचा मग रिकामा झाला की लगेच विसळून ठेवायचा. टेबलावर फक्त पाणी. घशासाठी बिनसाखरेच्या गोळ्या. गोड खायचं तर जेवणाच्या शेवटी, मधल्या वेळी नाही. नोंदी बारावरून पाचवर आल्या.

कीड कुठे लागली त्यावरून दोष ओळखा

हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर दोन-तीन दाढा वाचल्या असत्या. तुमची जुनी फिलिंग्ज कुठे आहेत ते आरशात बघा, नाहीतर डॉक्टरांना विचारा. प्रत्येक जागा वेगळी गोष्ट सांगते.

दाढेच्या माथ्यावर, खाचांमध्ये कीड असेल तर ब्रशला दोष देऊन उपयोग नाही. कित्येक खाचा ब्रशच्या एका केसापेक्षाही अरुंद असतात. केस आत शिरतच नाही, अन्न आणि जिवाणू मात्र शिरतात. यावर उपाय म्हणजे सीलंट, खाचांवर पातळ लेप देऊन त्या बुजवणं. ड्रिल नाही, इंजेक्शन नाही. मुलांमध्ये पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, दुसरी बाराव्या. ती नुकती वर आली की लगेच सीलंट केलेलं चांगलं. सहाव्या वर्षीची दाढ दुधाच्या दातांच्या मागे गुपचूप उगवते, एकही दात पडलेला नसतो, म्हणून पुष्कळ आईबाबांना ती दुधाचीच वाटते आणि "पडणारच आहे" म्हणून दुर्लक्ष होतं. ती पडणार नाही, आयुष्यभराची आहे.

दोन दातांच्या मध्ये कीड, म्हणजे माझंच प्रकरण. दाढेला पाच बाजू धरल्या तर ब्रश तीन घासतो: माथा, गालाकडची आणि जिभेकडची. शेजारच्या दाताला टेकलेल्या दोन बाजूंपर्यंत तो पोचत नाही, मग तुम्ही दोनदा घासा की पाचदा. ही कीड आरशात दिसत नाही. दुखायला लागेपर्यंत ती बरीच आत गेलेली असते, म्हणून इथे एक्स-रेला पर्याय नाही.

फ्लॉसचं, म्हणजे दातांच्या फटी साफ करायच्या दोऱ्याचं, सांगतो, कारण मी वर्षभर तो चुकीचा वापरला. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतच्या लांबीएवढा दोरा घ्यायचा, साधारण ४५ सेंटिमीटर. दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळायचा आणि मध्ये दोन-तीन सेंटिमीटर ताणलेला ठेवायचा. करवतीसारखा पुढेमागे करत फटीत उतरवायचा. वरून जोरात दाबला तर खटकन खाली आपटतो आणि हिरडीला कापतो. मी नेमकं तेच करत होतो, रक्त यायचं आणि मी सोडून द्यायचो. आत गेला की एका दाताला मिठी मारल्यासारखा वळवायचा, हिरडीच्या किंचित खालपर्यंत न्यायचा आणि वर-खाली तीन-चार वेळा घासायचा. मग त्याच फटीत शेजारच्या दाताला मिठी. प्रत्येक फटीला दोन दात असतात, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी दोरा आत घालून बाहेर काढायचो आणि काम झालं असं समजायचो. पहिले काही दिवस रक्त येतं, कारण हिरडी सुजलेली असते. रोज करत राहिलं तर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत थांबतं. नाही थांबलं तर दाखवून या. फटी मोठ्या असतील तर दोऱ्यापेक्षा बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा छोटा इंटरडेंटल ब्रश जास्त चांगलं काम करतो.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. फ्लॉस हिरड्यांसाठी चांगला, पण नुसत्या फ्लॉसने कीड थांबते याचा पुरावा त्यामानाने कच्चा आहे. फटींतली कीड थांबवण्याचं मोठं काम दोनच गोष्टी करतात: मधल्या वेळचं खाणं कमी होणं आणि पेस्टमधलं फ्लोराइड तिथवर पोचणं.

हिरडीलगत, गालाकडच्या बाजूला पांढरी खडूसारखी रेघ दिसत असेल तर ती किडीची पहिली पायरी. ब्रश घाईत होतोय, केस हिरडीच्या कडेपर्यंत जात नाहीयेत. दातांना तारा लावलेल्यांना हे फार होतं. तार निघते, दात सरळ होतात आणि प्रत्येक दातावर चौकोनी पांढरा डाग राहतो. वय झालेल्यांमध्ये हिरडी मागे सरून दाताचं मूळ उघडं पडतं. मुळावर इनॅमल नसतं आणि ते त्याहून सौम्य आम्लातही विरघळायला लागतं, त्यामुळे जन्मभर धड राहिलेले दात सत्तरीत अचानक हिरडीपाशी किडायला लागतात.

जुन्या फिलिंगच्या कडेला पुन्हा कीड लागली, तर फिलिंग करणाऱ्यावर राग काढण्याआधी कागद करा. फिलिंग म्हणजे ठिगळ. भोक बुजतं, भोक पडायचं कारण तिथेच राहतं.

तान्ह्या मुलाचे वरचे पुढचे दात काळे पडत असतील तर कारण बहुतेक रात्रीची बाटली असते. दूध किंवा गोड पाणी तोंडात धरून बाळ झोपतं आणि वरच्या दातांभोवती ते साचून राहतं. खालच्या दातांवर जीभ असते, म्हणून ते वाचतात. बाटलीत पाणी, किंवा झोपेआधी बाटली बंद.

आणि सगळीकडे एकदम, थोड्याच काळात, कधी न किडणाऱ्या जागीसुद्धा कीड दिसायला लागली, तर लाळेचा संशय घ्या. निरोगी माणसाला दिवसात अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. ॲलर्जीच्या गोळ्या, नैराश्यावरची औषधं, रक्तदाबावरची काही औषधं, तोंडाने श्वास घेण्याची सवय, डोक्या-मानेला दिलेलं रेडिएशन, लाळेच्या ग्रंथींवर हल्ला करणारे शोग्रेनसारखे आजार, यांनी ती आटते. कोरडं बिस्किट पाण्याशिवाय गिळता येत नसेल, रात्री पाण्यासाठी उठावं लागत असेल, जीभ टाळूला चिकटत असेल, तर औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी मनाने बंद करू नका. बदल करायचा असेल तर तो लिहून देणाऱ्यानेच करायचा.

आता ब्रशकडे

माझ्या दुसऱ्या चुकीचा शोध बाथरूममध्ये लागला. डॉक्टरांनी पेस्टच्या ट्यूबचा मागच्या बाजूचा फोटो मागवला. चव छान, पाकिटावर पानंफुलं, आणि घटकांच्या यादीत फ्लोराइड नाही. दोन वर्षं मी दात घासत होतो आणि दाताला परतफेड काहीच मिळत नव्हती.

फ्लोराइडचं काम असं: लाळेतली खनिजं परत बसताना ते त्यांच्यात मिसळतं आणि नवा थर आम्लाला जास्त तोंड देणारा बनतो. ट्यूबवर पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, असा आकडा छापलेला असतो. १००० च्या खाली असेल तर कीड रोखण्यासाठी ती पेस्ट धरू नका. बऱ्याच देशांत मोठ्यांसाठी १३५० ते १५०० हा नेहमीचा पल्ला. तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. ब्रशभर पेस्टची लाट जाहिरातीत छान दिसते, बाकी उपयोग नाही. मुलांना स्वतःहून नीट घासता यायला सात-आठ वर्षं लागतात, तोवर मोठ्यांनी शेवटचा हात फिरवायचा.

फ्लोराइडबद्दल भीती घालणारे निरोप फिरत असतात, त्यात अर्धं सत्य आहे. जास्त फ्लोराइडच्या पाण्याने दातांवर डाग पडतात, फारच जास्त असेल तर हाडांनाही त्रास होतो. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. गंमत म्हणजे फ्लोराइडचा उपयोग कळला तोच या डागांमुळे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याला लोकांचे दात तपकिरी, पण कमी किडलेले दिसले. पुढे कारण सापडलं, आणि १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात मोजून फ्लोराइड घालायला सुरुवात झाली. पेस्ट मात्र गिळायची नसते, थुंकायची असते. तुमच्या भागातल्या पाण्यात मुळातच जास्त फ्लोराइड असेल तर लहान मुलांसाठी दंतवैद्यांना विचारून पेस्ट ठरवा.

आणि आता ती गोष्ट जी सांगितल्यावर घरातल्या कोणाचाच विश्वास बसला नाही: ब्रश झाल्यावर खळखळून चूळ भरू नका. फेस थुंकून टाका, पुन्हा थुंका, बस. चूळ भरली की फ्लोराइड बेसिनमध्ये वाहून जातं. पहिला आठवडा तोंडात पेस्टची चव घेऊन झोपताना मला कसंसंच व्हायचं. आता चूळ भरली तर चुकल्यासारखं वाटतं. माउथवॉश वापरत असाल तर तोही ब्रशनंतर लगेच नको, दुपारी वापरा. बहुतेकांत पेस्टपेक्षा फ्लोराइड कमी असतं, म्हणजे जास्त धुऊन कमी भरल्यासारखं.

ब्रश मऊ केसांचा, हिरडीकडे तिरका धरून, हलक्या हाताने, दोन मिनिटं. मोबाइलवर एकदा वेळ लावून बघा, आपली दोन मिनिटं बहुधा पन्नास सेकंदांची असतात. रात्रीचा ब्रश हाच खरा, त्यानंतर फक्त पाणी. आंबट काही खाल्ल्या-प्यायल्यावर किंवा उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका. इनॅमल तात्पुरतं मऊ झालेलं असतं. पाण्याने चूळ भरा आणि अर्धा-एक तास थांबा.

मी केलेले वायफळ उद्योग

कडक केसांचा ब्रश: हिरडी मागे सरली, कीड तशीच. कोळशाची काळी पेस्ट: खरखरीत, आणि माझ्या ट्यूबमध्ये फ्लोराइड नव्हतंच. कॅल्शियमच्या गोळ्या: एकदा उगवलेल्या दाताचं इनॅमल रक्तातून कॅल्शियम घेत नाही, त्यामुळे गोळीने दात भक्कम होत नाहीत. गरोदरपणी बाळ आईच्या दातातलं कॅल्शियम ओढून घेतं हीसुद्धा गैरसमजूतच. त्या काळात दात बिघडतात ते उलट्यांमुळे आणि सारखं थोडं थोडं खाण्यामुळे. बिनसाखरेचं फसफसणारं पेय: साखर नाही हे खरं, पण ते स्वतःच आम्लधर्मी असतं, दिवसभर घोट घेतले तर इनॅमल झिजतंच.

एक उद्योग उपयोगी निघाला. बाहेर असताना जेवणानंतर वीसेक मिनिटं बिनसाखरेचं च्युइंगगम. लाळ भरपूर सुटते आणि पीएच लवकर वर येतो. झायलिटॉल या साखरेच्या पर्यायाचं असेल तर जिवाणूंना त्यापासून आम्ल बनवता येत नाही. घरात कुत्रा असेल तर मात्र पाकीट उंचावर ठेवा, झायलिटॉल कुत्र्यांना विषारी असतं.

इतकं करूनही थांबत नसेल तर

कागद पुन्हा करा, या वेळी घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी लिहायला सांगा. मग डॉक्टरांशी पुढचं बोला: फ्लोराइड व्हार्निश, जे वर्षातून दोनदा किंवा जास्त वेळा दातांवर लावतात, काही देशांत चिठ्ठीवर मिळणारी ५००० पीपीएमची पेस्ट, जी मोठ्या जोखमीच्या लोकांसाठी असते, छातीत जळजळ आणि आंबट ढेकर येत असतील तर पोटाचा इलाज, किडलेली जागा काळी पडली तरी चालेल असं असेल तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हा दातावर लावायचा द्रव, ज्याने ड्रिलशिवाय कीड थांबवता येते. तपासणी सरसकट सहा महिन्यांनी असं काही नाही. जोखीम जास्त असेल तर तीन महिन्यांनी, दात वर्षानुवर्षं शांत असतील तर त्याहून उशिरा. तुमचं अंतर किती ते विचारून घ्या.

काही लक्षणांना मात्र कागदाची वाट बघायची नाही. थंडगार लागून क्षणभर सणक येणं वेगळं. काहीही न खाता आपोआप ठणका लागणं, रात्री दुखून जाग येणं, हिरडीवर पुळी येणं, म्हणजे आतली नस गेली किंवा जायच्या वाटेवर आहे. एक-दोन दिवसांत दाखवा. गालावर वाढती सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास, सूज डोळ्याकडे किंवा मानेकडे सरकणं, यातलं काही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. लवंग तेल लावून रात्र काढण्याची ती वेळ नाही.

सहाव्या किडीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. वर्षभराने पुन्हा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी जुना आणि नवा शेजारी शेजारी लावले आणि पेनाचं टोक दोन्हींवर फिरवलं. त्रिकोण तेवढाच होता, मिलिमीटरभरही पुढे सरकलेला नव्हता. त्यांनी फाइलवर "लक्ष ठेवणे" एवढंच लिहिलं आणि पुढची तारीख दिली, नऊ महिन्यांनंतरची. त्या दिवशी मी तोंड बधिर न करता घरी आलो.